आधी दिलेले खडे

माझे घरमालक वाद घालताना आधी समोरच्याची बाजू मांडायचे.

नोकरीसाठी मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आले तेव्हा त्यांच्या घरातल्या गॅरेजवरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. जिना वेगळा होता, पण थर्मोस्टॅट एकच आणि तो त्यांच्या हॉलमध्ये. पहिल्याच थंडीत आमचं वाजलं. मला बहात्तर फॅरनहाइट हवं होतं, ते अडुसष्टच्या वर जायला तयार नव्हते. मी तावातावाने खाली गेले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बस. तू नवीन आहेस, म्हणून आधी तुझ्याकडून मी बोलतो."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण ते गंभीरपणे सुरू झाले. माझ्या खोल्या गॅरेजवर, म्हणून फरशी गार. मी संध्याकाळी उशिरा येते, तोवर भिंती थंड पडलेल्या. "आणि हे तुझ्या लक्षात आलं नसेल, गरम हवेच्या पाइपात तुझा डक्ट शेवटचा आहे. इथे अडुसष्ट असतं तेव्हा तुझ्याकडे चौसष्टच असणार." मग जरा थांबून म्हणाले, "आता माझं. मला गरम होतं."

तो वाद मी जिंकले. मुद्दे सगळे त्यांचे होते.

मी त्यांना काका म्हणायचे, इथे वयाने मोठ्या प्रत्येक मराठी माणसाला म्हणतात तसं. मूळचे नागपूरचे. शिकायला ओहायोला आले, मग न्यू जर्सीत पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनीयर म्हणून राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. गाडीतून जाताना रस्त्याच्या कडेला एखादी विटांची ठेंगणी इमारत दिसली की "हा माझा पंप" म्हणून दाखवायचे. ओहायोत त्यांच्या खोलीत एक कोरियन मुलगा राहायचा. त्याने त्यांना गो हा खेळ शिकवला. तो मित्र पुढे इकडेच नोकरीला आला आणि दर शनिवारी दुपारी काकांकडे येऊ लागला. मग आणखी दोघंतिघं यायला लागले. शनिवारी त्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवण कधीच नसायचं.

खेळ असा. एक जाड लाकडी पाट, त्यावर एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघा. एकाकडे काळे खडे, दुसऱ्याकडे पांढरे. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने एकेक खडा ठेवायचा. एकदा ठेवलेला खडा हलवायचा नाही. आपल्या खड्यांनी जागा वेढायची आणि शेवटी ज्याची जागा जास्त तो जिंकला. दुसऱ्याचे खडे चारी बाजूंनी कोंडले तर उचलून घ्यायचे. बस, एवढंच. चीनमध्ये सुरू झाला, कोरियात-जपानमध्ये गेला, आणि इतक्या शतकांनंतरही लोक तो तसाच खेळतात.

तो इतका कसा टिकला, याचं काकांचं स्वतःचं एक उत्तर होतं आणि ते प्रत्येक नवीन माणसाला ते ऐकवत. "बुद्धिबळात कच्च्या माणसाबरोबर खेळायचं तर वजीर काढून ठेवावा लागतो. मग ते बुद्धिबळ उरत नाही. इथे कच्च्याला आधी खडे ठेवू द्यायचे. दोन, चार, नऊ, जेवढा फरक असेल तेवढे. खेळ तोच राहतो आणि दोघंही घाम गाळतात. जिंकणार कोण हे आधीच माहीत असेल तर बसायचं काहून?"

'काहून', म्हणजे 'कशाला', हा त्यांचा लाडका नागपुरी शब्द. अर्धं आयुष्य अमेरिकेत काढूनही तो गेला नव्हता.

हे आधीचे खडे त्यांच्या सगळ्या वागण्यात शिरले होते. कोरियन मित्राचे गुडघे गेलेले. दोघं फिरायला निघायचे तेव्हा मित्राला ते पुढे पाठवायचे, स्वतः जरा वेळ ड्राइव्हवेवर उभे राहायचे आणि मग भराभर मागून जायचे. तळ्याजवळच्या बाकावर दोघं एकदम पोचले पाहिजेत असा हिशेब. कोपऱ्यावरच्या घरातल्या गोऱ्या बाईने एकदा मला थांबवून हळूच विचारलं की तुझा लँडलॉर्ड त्या माणसाचा पाठलाग का करतो. मी सांगितलं, ती शर्यत आहे. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

टॅबलेटवर त्यांनी खेळाचा एक प्रोग्राम घेतला होता. तो कुठल्याही माणसाला हरवतो. कोणीतरी म्हणालं, "काका, आता मशीनच सगळ्यांना हरवतंय, म्हणजे खेळ संपला ना?" काका म्हणाले, "काहून? मी मशीनकडून खडे घेतो." आणि खरंच घ्यायचे. हरले तर पुढच्या वेळी एक जास्त. त्यात त्यांना काही कमीपणा वाटायचा नाही.

मीही सुरुवातीला थोडे दिवस नऊ खडे घेऊन खेळले. मग सरळ सांगितलं की मला यात रस नाही. लॅबमध्ये दिवसभर डोकं चालवून आल्यावर संध्याकाळी मला कोणाला वेढायचं नसतं. त्यांना राग आला नाही. शनिवारी मी खाली जायचे ती चहा प्यायला आणि गप्पा ऐकायला.

त्या टेबलावर येणाऱ्यांत एक डॉक्टर होते. पुण्याचे, हार्ट सर्जन, इकडे फार पूर्वी आलेले आणि मोठं नाव असलेले. ते आले कसे, ते सांगायला हवं. कोणाच्या तरी नव्या घराच्या जेवणाला आम्ही सगळे होतो. जेवण झाल्यावर गोडाच्या ताटल्या घेऊन पुरुषमंडळी बेसमेंटमध्ये जमली, मीही तिथेच होते, आणि बोलणं भारतातल्या कॉलेजप्रवेशांवर गेलं. डॉक्टर म्हणाले, "आमच्या वेळेला आम्ही मार्कांवर आलो. नंतर सवलतीवाल्यांचं राज्य आलं. स्पर्धा म्हणजे स्पर्धा, त्यात कोणाला पुढे उभं करायचं म्हणजे काय?"

काका बौद्ध, त्यांचं सगळं कॉलेज शिष्यवृत्तीवर झालेलं, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. डॉक्टरांना नव्हतं. लोक ताटल्यांत बघायला लागले. काकांनी नेहमीप्रमाणे आधी डॉक्टरांच्या बाजूचे दोन मुद्दे काढले, आणि ते डॉक्टरांच्या मुद्द्यांपेक्षा बरे होते. मग म्हणाले, "माझी बाजू इथे सांगता येणार नाही, त्याला पाट लागतो. शनिवारी या. तुम्ही बुद्धिबळ चांगलं खेळता म्हणे."

डॉक्टर आले. काकांनी पाटावर नऊ काळे खडे मांडून ठेवले होते.

"हे काय?"

"तुमचे."

"मी आणखी एकही खडा ठेवायच्या आधी?"

"हो."

डॉक्टर हसले. "नको. मी असाच खेळतो."

असेच खेळले आणि अर्ध्या पाटावरून उचलले गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा आले, पुन्हा खडे नाकारले, पुन्हा तेच. कितीतरी शनिवार असे गेले. हा माणूस हॉस्पिटलमध्ये लोकांची हृदयं उघडत होता आणि इथे त्याला एक कोपरा राखता येत नव्हता. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "तुम्ही नऊ देणार म्हणजे माझ्यावर दया करणार."

काका म्हणाले, "दया करायची असती तर मुद्दाम हरलो असतो. ते मी आजवर कोणासाठी केलं नाही. नऊ घ्या आणि मला हरवा. तुमचं डोकं तुम्हालाच चालवावं लागेल. खडे आपोआप खेळत नाहीत."

डॉक्टरांनी घेतले. त्या दिवशीही हरले, पण शेवटपर्यंत कोणालाच सांगता येत नव्हतं की काय होणार. काका दोनदा उठून पाणी प्यायले. डॉक्टर घरी जाताना खूश होते. नंतर ते आठवर आले, मग सातवर. त्यांचं मत बदललं का, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. तो विषय मात्र त्यांनी माझ्यासमोर परत काढला नाही आणि शनिवार कधी चुकवला नाही.

पाण्याचं सांगायला हवं. काका जिंकत असले की उजवा कान चोळायचे आणि मागे पडले की पाणी प्यायला उठायचे. हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यांना नव्हतं.

मुद्दाम न हरण्याची किंमत घरात मोजली गेली होती. त्यांना एकच मुलगी. ती लहान असताना तिलाही ते शिकवायचे आणि तिलाही नऊ द्यायचे. मूल म्हणून एकही डाव त्यांनी सोडला नाही. बारा वर्षांची असताना ती एकदा हरली, उठली, मूठभर पांढरे खडे हीटिंगच्या जाळीतून खाली टाकले आणि म्हणाली, "आय एम डन." त्यानंतर तिने पाटाला हात लावला नाही. हे मला काकूंनी सांगितलं. काकू तेव्हा होत्या. दर थंडीत घर तापवायची भट्टी पहिल्यांदा पेटवली की जाळीखाली खडखड व्हायचं आणि काकू म्हणायच्या, "आली बघ लेकीची आठवण."

काकू गेल्या. मी जवळच स्वतःचं टाउनहाऊस घेतलं. काकांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे राहिली आणि आठवड्याचं सामान मी माझ्याबरोबर त्यांचंही आणायचे. चार बेडरूमच्या घरात ते एकटे. मग एका जानेवारीत ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून पाय घसरला. टपाल टाकणाऱ्या माणसाला ते पडलेले दिसले. उजवं मनगट मोडलं, बाकी काही नाही. पण तो माणूस त्या गल्लीत आणखी उशिरा आला असता तर काय, हे प्रत्येकाच्या डोक्यात आलं.

मुलगी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून आली. चिप डिझाइन करते, चाळिशी ओलांडलेली, बापासारखीच सडपातळ आणि तशीच हट्टी. आल्याच्या दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याकडे येताय. घर लिस्ट करू. धिस इज नॉट अ डिस्कशन."

"बरं," काका म्हणाले. "आधी तुझ्या बाजूने बोलतो."

"नको. प्लीज, तेच नको. तुम्ही माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडता आणि मग शेवटी तुमच्याच मनासारखं होतं. लहानपणापासून हेच."

मी फ्रिजमध्ये दूध ठेवत होते. मला दोघांचं कळत होतं. तिला तिकडे रात्री फोन वाजला की धस्स होत होतं. आणि ते इथून गेले की त्यांचा शनिवार जाणार होता. दुसऱ्या कशात त्यांचं मन नव्हतं. त्या वयात नवा शनिवार उभा करता येतो असं मला वाटत नव्हतं.

मग काका म्हणाले, "डावावर ठरवू. मी जिंकलो तर जिना चढता येतो तोवर इथेच, आणि तू परत विषय काढायचा नाही. तू जिंकलीस तर वसंतात घर विकायला लाव."

मी म्हटलं, "काका, हा काय पोरखेळ? हाडांच्या डॉक्टरांना विचारा."

"तो मनगटाचं सांगेल. घराचं त्याला काय कळतं?"

मला वाटलं मुलगी उडवून लावेल. ती बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओके. संडे."

शनिवारी त्यांनी सगळ्यांना येऊ नका म्हणून कळवलं. मी सामान घेऊन गेले तर ते रिकाम्या पाटासमोर बसलेले. मला म्हणाले, "तिला किती द्यायचे?"

"तुम्हाला काय हवंय?"

"मला इथे राहायचंय."

"मग कमी द्या."

मी पाण्याच्या टाकीत विष कालवायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "नऊच्या वर द्यायची पद्धत नाही. आणि इतकी वर्षं हात न लावलेल्या माणसाला नऊ पुरणार नाहीत. म्हणजे मीच जिंकणार. हा काही डाव नाही." ते जिंकणार होते, घर राहणार होतं, आणि त्यांचा चेहरा पडलेला होता. मी भाजी फ्रिजमध्ये टाकली आणि घरी आले. अशा माणसाला काय सांगणार?

रविवारी साक्षीदार म्हणून मला बोलावलं. खेळातलं काही कळत नाही, म्हणजे मधे बोलणार नाही, ही माझी पात्रता. मुलगी कॉफी घेऊन खाली आली. पाटावर नऊ काळे खडे मांडलेले होते. तिने कप ठेवला, वाकली आणि एकेक करत सहा खडे उचलून डबीत परत टाकले.

काका म्हणाले, "काहून?"

"तीन बास."

"बेटा, गंमत नको. घराचा प्रश्न आहे."

"आय नो. मी खेळते, बाबा. फोनवर. कंपनीच्या शटल बसमध्ये, लंचला."

"कधीपासून?"

"कॉलेजपासून. मधे सोडलं होतं, मग परत."

काकांनी चष्मा काढला, परत लावला. "सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला होमवर्क दिला असता."

दिलाच असता, हे त्यांनाही माहीत होतं. मग म्हणाले, "नऊ घेऊन तू आरामात जिंकली असतीस."

"हो. आणि मग तुम्ही माझ्या घरी रोज सकाळी चहा पिताना म्हणाला असता की तो डाव बरोबरीचा नव्हता."

"तीनच कशावरून?"

"तुमचे शनिवारचे डाव तुम्ही गोच्या त्या साइटवर टाकता ना? ते मी बघते. तीन."

"चार घे."

"नको."

"मी म्हणतो चार घे. माझा हात धड नाही."

"हात धड नसला तरी डोकं धड आहे. तीन."

इतक्या वर्षांत मी पुष्कळ घासाघीस पाहिली आहे, पण दोन्ही बाजू आपापलं नुकसान ओढून घेताना पहिल्यांदाच पाहिली. मी पोहे करायला उठले. परत आले तेव्हा पाटावर तीन खडे होते आणि काका डाव्या हाताने पहिला पांढरा खडा ठेवत होते. डाव्या बोटांत तो नीट धरता येत नव्हता, जागेवर ठेवून जरा सरकवावा लागला.

मधल्या तासांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. पोहे गार झाले. मी स्मोक डिटेक्टरची बॅटरी बदलली, कपडे ड्रायरमध्ये टाकले, काकूंच्या झाडांना पाणी घातलं. मधे एकदा डोकावले तर काका कान चोळत होते आणि मी मनात म्हटलं, राहिलं घर. पुढच्या वेळी आले तेव्हा ते नळाशी उभे होते. मग परत बसले. मग परत उठले. मुलीने मान वर केली नाही, पण नळ सुटल्याचा आवाज ती ऐकत होती, एवढं मला दिसलं.

दुपार कलली तेव्हा दोघांनी एकामागून एक मान हलवली. आता खेळण्यासारखं काही उरलं नाही असं दोघांनाही वाटलं की डाव संपतो. मोजणी झाली. काळ्याची जागा थोडी जास्त निघाली.

काका म्हणाले, "हरलो."

मला वाटलं होतं मुलगी सुटकेचा श्वास टाकेल. तिने टाकला नाही. तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि ती पाटाकडेच बघत बसली होती. हरल्यावर डाव पहिल्यापासून परत मांडायचा आणि दोघांनी मिळून बघायचा, अशी या लोकांची रीत आहे. तिने खडे वेगळे केले आणि पहिल्या खड्यापासून मांडायला लागली. काका डाव्या हाताने आपले ठेवत गेले. एका जागी ते थांबले.

"इथे मी घाबरलो."

"हो. दिसलं मला."

"तू पण थांबलीस."

"मला वाटलं तुम्ही बघितलंय. तुम्ही इथे मधे घुसून माझे खडे कट केले असते तर माझं सगळं गेलं असतं."

"मला दिसलंच नाही," काका म्हणाले. आणि मग, मी त्यांना ओळखते म्हणून सांगते, त्यांचा चेहरा शनिवारपेक्षा बरा होता.

ती म्हणाली, "बाबा, बेस्ट ऑफ थ्री करू या. आय मीन इट."

"काहून? हा डाव नीट झाला नाही?"

"झाला."

"मग झाला." त्यांनी पाटावरचा एक खडा उगाच सरळ केला. "तुझ्याकडे शनिवारी कोण येतं?"

"कोणी नाही."

"फोनवर ज्यांच्याशी खेळतेस ते?"

"ते कुठे राहतात मला माहीत नाही. कोणी कोरियात असेल, कोणी बाजूच्या बिल्डिंगमध्ये."

"विचार."

तिने तिथल्या तिथे फोन काढला. मी पोह्यांच्या ताटल्या धुतल्या आणि घरं विकणाऱ्या माझ्या ओळखीच्या बाईचा नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटवला. कोणीतरी ते करायलाच हवं होतं.

घर मे महिन्यात गेलं. कोरियन मित्र निरोपाला आला, दोघं तळ्यापर्यंत चालून आले, वेगवेगळे निघून. शनिवार आता डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये भरतो. मी कधीतरी चहाला जाते.

काका तिकडे रुळले. मुलीने विचारल्यावर तिच्याच कंपनीतले दोघं निघाले, एक वाचनालयातला निवृत्त माणूस निघाला, आणि शनिवारी तिच्या जेवणाच्या टेबलावरही जेवण नसतं, असं ती तक्रारीच्या सुरात सांगते. बापलेक रोज संध्याकाळी एक डाव खेळतात. तीनचे दोन झाले, दोनाचा एक झाला, हे मला फोनवर कळत गेलं. परवा काकांचा फोन आला होता. मी विचारलं, आता किती देता तिला?

"काही नाही. बरोबरीने बसतो."

"म्हणजे पोहोचली तुमच्यापर्यंत."

"ती पुढे चाललीये आणि मी मागे येतोय. पुढच्या वर्षी मला तिच्याकडून दोन घ्यावे लागतील."

"घ्याल?"

"न घ्यायला काय झालं?" ते म्हणाले. "डाव तर झाला पाहिजे."